धनकोचा कर ऋणकोच्या माथी

असोदा हे जळगावला लागून असलेले गाव. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर आणि भरिताच्या वांग्यांचे शिवार म्हणून खानदेशाला ते ठाऊक आहे. लंडन, सिंगापूर किंवा न्यूयॉर्कच्या बँकांशी या गावाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो आयकर कायद्यातून जातो. असोद्यातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने आयुष्यभराची पुंजी, समजा सोळा लाख रुपये, जळगावच्या बँकेत सात टक्के व्याजाने मुदत ठेवीत गुंतवली. वर्षाचे व्याज झाले १ लाख १२ हजार. ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेली १ लाखाची मर्यादा ओलांडली गेली, म्हणून बँक त्यातून १० टक्के, म्हणजे ११ हजार २०० रुपये, आधीच कापून घेते. आपले उत्पन्न करपात्र नाही असे घोषणापत्र त्याने वेळेवर दिले असेल तर गोष्ट निराळी. एरवी स्वतःचेच पैसे परत मागण्यासाठी त्याला विवरणपत्र भरून वाट पाहावी लागते. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. कर हा राष्ट्राचा हक्क आहे आणि तो उगमाशीच कापावा, हे तत्त्व योग्य आहे.

आता दुसऱ्या धनकोकडे वळू. परदेशातील एखादी बँक भारतीय कंपनीला डॉलरमध्ये कर्ज देते. त्या कर्जावरचे व्याज भारताच्या भूमीवर, भारतीय श्रमातून आणि भारतीय ग्राहकाच्या खिशातून निर्माण होते. त्यावर भारताने कर घ्यावा, हे आपल्या कायद्यालाही मान्य आहे. परकीय चलनातील अशा कर्जाच्या व्याजावर अनिवासी धनकोसाठी सर्वसाधारण दर २० टक्के ठरलेला आहे. तथापि जुलै २०१२ ते जून २०२३ या अकरा वर्षांत झालेल्या कर्जांसाठी तो ५ टक्क्यांवर आणण्यात आला. जून २००१ पूर्वीच्या मान्यताप्राप्त कर्जांवर तर तो शून्य होता. आणि जो काही कर उरला, तोही पुष्कळ करारांत धनकोने सोसलेला नाही; ऋणकोने सोसला आहे. येथे राबणाऱ्याने कर भरायचा आणि येथून व्याज घेऊन जाणाऱ्याने मोकळे सुटायचे, ही कोणती नीती? या लेखाचा विषय एवढाच आहे.

कलम छोटे, भार मोठा

धनको परदेशात बसलेला असतो. आपला आयकर अधिकारी त्याच्या दारी जाऊ शकत नाही. म्हणून व्याज देणाऱ्यानेच ते पाठवण्यापूर्वी त्यातून कर कापून सरकारजमा करावा, अशी व्यवस्था कायद्याने केली. १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम १९५ मध्ये होती. संसदेने २०२५ मध्ये नवा आयकर कायदा संमत केला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले. तत्त्व तेच राहिले.

परदेशी बँकांनी या व्यवस्थेला जुनेच उत्तर शोधून ठेवले आहे. कर्जाच्या करारात एक कलम असते. त्याचा आशय असा, की ऋणकोच्या देशातील कोणत्याही कायद्याने व्याजातून कर कापावा लागला, तर ऋणकोने व्याजाची रक्कम इतकी वाढवावी की कर जाऊन धनकोच्या हाती ठरलेली पूर्ण रक्कम पडेल. बँकांच्या व्यवहारात याला ‘ग्रॉस-अप’ म्हणतात. आपल्या कायद्यानेही हे गृहीत धरले. कर ऋणकोने सोसायचा असा करार असेल, तर ती रक्कम व्याजात मिळवूनच कर मोजावा, असे जुन्या कायद्याचे कलम १९५ क सांगत होते.

याचे साधे गणित मांडून पाहावे. धनकोला १०० रुपये व्याज द्यायचे ठरले आहे आणि कर २० टक्के आहे. कर धनकोचा असता तर त्याला ८० मिळाले असते आणि राष्ट्राला २०. मात्र वरील कलम करारात असेल तर ऋणकोला १२५ रुपये मोजावे लागतात. त्यातले २५ सरकारकडे जातात आणि धनकोच्या हाती पूर्ण १०० पडतात. परदेशी कंपनीवरील अधिभार आणि उपकर धरला, तर १० कोटींहून अधिक व्याजावर हाच दर २१.८४ टक्के होतो आणि ऋणकोचा खर्च जवळजवळ १२८ रुपये होतो. कागदोपत्री करदाता परदेशी बँक; प्रत्यक्षात कर भरला तो भारतीय कंपनीने, आणि कंपनीने तो वसूल केला आपल्या ग्राहकाकडून. कर भरल्याचे प्रमाणपत्र मात्र धनकोच्याच नावाने निघते.

त्या प्रमाणपत्राचे तो पुढे काय करतो, हे आणखी उद्बोधक आहे. अमेरिका, ब्रिटन, जपान हे देश आपल्या बँकांना परदेशात भरलेल्या कराची वजावट ठरावीक मर्यादेत देतात. म्हणजे भारतीय ऋणकोने सोसलेल्या कराची वजावट धनको आपल्या देशात स्वतःसाठी घेऊ शकतो. जागरूक ऋणको असेल तर अशी वजावट मिळाल्यास तिचा लाभ आपल्याला परत करावा, असे प्रतिकलम करारात घालून घेतो. आंतरराष्ट्रीय कर्जकरारांच्या प्रचलित नमुन्यांत असे कलम उपलब्धही आहे. आपल्या सार्वजनिक संस्थांच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी ते किती वेळा मागितले, हा प्रश्न एखाद्या खासदाराने संसदेत विचारावा.

सवलतीची वंशावळ

ही कहाणी कोण्या एका पक्षाची नाही, म्हणून ती निःसंकोचपणे सांगितली पाहिजे. १९६१ च्या कायद्याच्या कलम १० (१५) मध्ये, केंद्र सरकारने मान्य केलेल्या परदेशी कर्जांवरील व्याजाला करमुक्ती होती. परकीय चलनाची चणचण असलेल्या काळात तिचे समर्थन एक वेळ करता आले असते. ही करमुक्ती १ जून २००१ पासूनच्या नव्या करारांना बंद झाली. तेव्हा केंद्रात अटलजींचे सरकार होते आणि यशवंत सिन्हा अर्थमंत्री होते. तो निर्णय उचित होता.

अकरा वर्षांनी, २०१२ च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी मागील दार उघडले. वीज, विमानवाहतूक, रस्ते, बंदरे, खते अशा काही क्षेत्रांतील परदेशी कर्जांच्या व्याजावरील कर २० वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. मुदत होती तीन वर्षांची. तात्पुरती म्हणून आलेली सवलत आपल्याकडे सहसा परत जात नाही. २०१४ च्या अर्थसंकल्पाने तिची मुदत २०१७ पर्यंत वाढवली आणि तिची कक्षाही रुंदावली. २०१७ च्या अर्थसंकल्पाने २०२० पर्यंत, २०२० च्या अर्थसंकल्पाने २०२३ पर्यंत. त्या काळात केंद्रात राष्ट्रीय विचारांचे सरकार होते, हे लपवण्याचे कारण नाही. आपल्यांच्या चुका आपणच दाखवल्या नाहीत, तर परक्यांच्या चुका दाखवण्याचा अधिकार उरत नाही. मध्यंतरी २०१८ मध्ये रुपया घसरू लागला, तेव्हा १७ सप्टेंबर २०१८ ते ३१ मार्च २०१९ या अवधीत परदेशात विकलेल्या रुपया-रोख्यांचे व्याज पूर्णतः करमुक्त करण्यात आले. रुपया अडचणीत आला की परदेशी धनकोला सवलत द्यायची, हा जणू आपल्या अर्थखात्याचा प्रतिक्षिप्त प्रतिसाद झाला आहे.

एक दार कायद्यात, तर दुसरे करारनाम्यांत. मॉरिशसशी १९८२ मध्ये झालेल्या कर-कराराने तेथील बँकांना भारतातून मिळणारे व्याज भारतीय करातून मुक्त केले होते. समभागांवरील नफ्याच्या मॉरिशस मार्गाची चर्चा वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे केली. व्याजाच्या या पायवाटेकडे फारसे कोणी पाहिले नाही. मे २०१६ मध्ये हा करार दुरुस्त झाला आणि ३१ मार्च २०१७ नंतरच्या कर्जांवर ७.५ टक्के कर लागू झाला. ही दुरुस्ती करणाऱ्या सरकारचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु त्यासाठी तीन दशके जावी लागली, हेही नोंदवले पाहिजे.

अखेर ३० जून २०२३ रोजी ५ टक्क्यांची सवलत संपली आणि सरकारने तिला मुदतवाढ दिली नाही. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतील आंतरराष्ट्रीय शेअर बाजारात नोंदलेल्या रोख्यांसाठी तेवढा ९ टक्क्यांचा दर ठेवण्यात आला. एरवी नव्या कर्जांना पुन्हा २० टक्के, किंवा त्या त्या देशाशी झालेल्या कर-करारातील दर लागू झाला. आपल्या अनेक करारांत तो १० ते १५ टक्के आहे. प्रत्येक अर्थसंकल्पापूर्वी उद्योगांच्या संघटना आपापल्या मागण्या घेऊन दिल्लीला जातात. ही सवलत पुन्हा सुरू करण्याची मागणी त्यांत डोके वर काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणूनच तिचा आजच विचार केला पाहिजे.

युक्तिवाद आणि उत्तरे

सवलतीचे समर्थक काही अडाणी नाहीत. त्यांचे म्हणणे नीट ऐकून मगच उत्तर दिले पाहिजे.

त्यांचा पहिला युक्तिवाद असा, की करभार ऋणकोच सोसत असेल तर करमाफीचा लाभही भारतीय ऋणकोलाच होतो. परदेशी बँकेला नव्हे. वरवर पाहता हे पटते. पण या वाक्याचा अर्थ काय होतो? धनको कर भरायला तयार नाही, म्हणून राष्ट्राने करच सोडून द्यावा! उद्या जळगावच्या एखाद्या घरमालकाने भाडेकरूकडून लिहून घेतले, की माझ्या भाड्यावरचा आयकर तू भर, आणि मग सरकारकडे अर्ज केला, की बिचाऱ्या भाडेकरूवर भार पडतो म्हणून माझा कर माफ करा, तर त्या अर्जाची संभावना आपण कशी करू? शिवाय परदेशी कर्ज सगळ्यांनाच मिळत नाही. ते मिळते मोठ्या कंपन्यांना. असोद्याच्या वांगी उत्पादकाला आपल्या विकास सोसायटीकडेच जावे लागते आणि जळगावच्या छोट्या डाळ गिरणीवाल्याला सहकारी बँकेकडे. त्या बँकेत ठेव ठेवणारा शिक्षक कर भरतो. म्हणजे स्वदेशी बचतीवर चाललेला छोटा उद्योग करासहित व्याज मोजतो आणि विदेशी बचतीवर चाललेला मोठा उद्योग करमुक्त व्याज मोजतो. ही स्पर्धा समान पातळीवरची कशी म्हणावी?

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. बँका म्हणतात, आम्हाला १०० रुपये व्याज मिळाले तरी त्यातले बहुतेक आम्ही आमच्या ठेवीदारांना देतो. आमचा खरा नफा थोडा. तुम्ही कर घेता तो संपूर्ण व्याजावर. मग कर नफ्याहूनही मोठा होतो. यात तथ्य आहे. पण त्यावर उपायही कायद्यात आहे. ज्या परदेशी बँकेला निव्वळ नफ्यावर कर द्यायचा असेल तिने भारतात शाखा उघडावी, येथून कर्ज द्यावे, हिशेबाची वही आपल्या अधिकाऱ्यांपुढे ठेवावी आणि खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर कर भरावा. परदेशी कंपन्यांसाठी हा दर २०२४ मध्ये ४० वरून ३५ टक्के करण्यात आला आहे. ज्यांना वही दाखवायची नाही, शाखेचे दायित्व नको, केवळ व्याज हवे, त्यांच्यासाठी स्थूल व्याजावरील कर आहे. शिवाय कर-करारांतील १० टक्क्यांचा दर हा याच अडचणीवर दोन राष्ट्रांनी समजून-उमजून काढलेला तोडगा आहे. त्याहून खाली जाण्याची गरज काय?

तिसरा युक्तिवाद अमेरिकेचा. तेथे १९८४ पासून परदेशी गुंतवणूकदारांना रोख्यांवरील व्याजासाठी करमुक्ती आहे, मग आपणच का अडून बसायचे? उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्यावे. अमेरिकेने ही करमुक्ती देताना परदेशी बँकांनी आपल्या नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या कर्जांचे व्याज त्यातून वगळले आहे. कंपनीचा मोठा भागधारकच धनको असेल तर त्यालाही वगळले आहे. शिवाय अमेरिका कर्ज घेते ते स्वतःच्या चलनात. डॉलर छापणाऱ्या देशाची करनीती डॉलर कमवाव्या लागणाऱ्या देशाने डोळे मिटून उचलायची नसते.

याखेरीज एक गोष्ट समर्थक सांगत नाहीत. पुष्कळदा धनको आणि ऋणको एकाच घरातले असतात. परदेशातील मुख्य कंपनी आपल्या भारतीय उपकंपनीला भांडवल देण्याऐवजी कर्ज देते. उपकंपनी जे व्याज भरते ते खर्चात धरले जाते, तिचा करपात्र नफा घटतो आणि तोच नफा व्याजाचा वेष घेऊन सवलतीच्या दराने सीमेपार जातो. हे प्रकार इतके वाढले, की २०१७ मध्ये कायद्यात कलम ९४ ब घालावे लागले आणि समूहातील परदेशी कंपनीला दिलेल्या व्याजाची वजावट नफ्याच्या ३० टक्क्यांपुरती मर्यादित करावी लागली. एका हाताने सवलत द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचा गैरवापर रोखायचा, असा हा द्राविडी प्राणायाम आहे.

स्वस्त कर्जाचे महाग वास्तव

करसवलतीने परदेशी कर्ज स्वस्त दिसते आणि म्हणून कंपन्या ते घेतात. ते खरोखरच स्वस्त पडते का? जुलै २०१२ मध्ये ही सवलत सुरू झाली तेव्हा एक डॉलर सुमारे ५५ रुपयांना मिळत होता. जून २०२३ च्या अखेरीस ती संपली तेव्हा ८२ रुपये पडत होते. त्या आरंभीच्या काळात ज्याने विनिमयदराचे संरक्षण न घेता डॉलरचे मुद्दल उचलले आणि अखेरीस फेडले, त्याला रुपयांत जवळजवळ दीडपट फेड करावी लागली. आयकरातील काही टक्क्यांची सवलत त्यापुढे कोठे राहते? सवलतीने कर्जदाराला धोक्याच्या वाटेवर नेले, पण धोक्याची जबाबदारी कोणी घेतली नाही.

खानदेशाला हे दुरून पाहावे लागलेले नाही. ठिबक सिंचन शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोहोचवणाऱ्या जळगावच्या जैन इरिगेशनने २०१७ मध्ये आपल्या नेदरलँड्समधील उपकंपनीमार्फत २० कोटी डॉलरचे रोखे परदेशात विकले. २०१९ मध्ये हा उद्योगसमूह कर्जफेडीच्या अडचणीत सापडला आणि कर्जांची फेररचना पूर्ण व्हायला २०२२ उजाडले. त्याची कारणे अनेक होती आणि त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु परदेशी कर्ज हे मुंबईच्या नरिमन पॉइंटपुरते राहिलेले नाही, ते आपल्या जिल्ह्यातील कामगाराच्या पगारापर्यंत आणि शेतकऱ्याच्या थकलेल्या बिलापर्यंत येऊन पोहोचते, एवढे यातून निश्चित दिसते. कर्ज स्वदेशी असले तरी करारातील अटी वाचाव्या लागतात, हेही जळगावकरांना शिकवण्याची गरज नाही. हुडकोच्या कर्जाने येथील नगरपालिकेची आणि पुढे महापालिकेची कशी कोंडी केली, ते नागरिकांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे. तेथे कलमे निदान भारतीय कायद्याची होती. परदेशी कर्जाच्या करारात तर अनेकदा कायदाही इंग्लंडचा आणि लवादही लंडनचा असतो.

दाभोळ विसरलो का?

महाराष्ट्राने या धड्याची किंमत एकदा मोजली आहे. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदी करार केला. त्यामागे राज्याची हमी आणि तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी होती. खासगी वीजप्रकल्पांसाठी केंद्राने मार्च १९९२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने भागभांडवलावर १६ टक्के परतावा मान्य केला होता आणि उत्पन्नावरील कर हा खर्च समजून वीजदरातून वसूल करण्याची मुभा दिली होती. म्हणजे नफा कंपनीचा आणि नफ्यावरचा कर ग्राहकाचा! तेच तत्त्व, फक्त व्याजाच्या जागी नफा.

स्वदेशीचा विचार मांडणारे कार्यकर्ते त्या वेळी गुहागरच्या किनाऱ्यापासून दिल्लीपर्यंत ओरडून सांगत होते, की करार वाचा. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, पुढच्याच वर्षी फेरवाटाघाटी करून स्वीकारला आणि मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या केंद्र सरकारने प्रतिहमीवर मोहोर उठवली. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. २००१ मध्ये न पेलणाऱ्या दरामुळे मंडळाने वीज घेणे थांबवले. माधव गोडबोले यांच्या समितीने त्याच वर्षी या कराराची चिरफाड केली. २००५ मध्ये प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे, म्हणजे एनटीपीसी, गेल आणि भारतीय वित्तसंस्थांकडे आला. नफ्याची शाश्वती परदेशी भागीदाराला आणि अखेरचा भार आपल्या संस्थांना, असा या प्रकरणाचा ताळेबंद आहे.

त्याहून मागे जायचे तर असोदा आणि जळगाव यांच्यामधून जाणारा भुसावळचा लोहमार्गच पाहावा. तो बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ च्या कराराने भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडीला उतारू मिळोत वा न मिळोत, लंडनच्या भागधारकाचे व्याज बुडू द्यायचे नाही. तूट पडली तर ती भारतीय रयतेच्या सारा-पट्टीतून भरायची. दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या वहनाविरुद्ध आयुष्य वेचले, त्याचा हा एक पाट होता. तेव्हा आपण परतंत्र होतो. आज आपण स्वतंत्र आहोत, करार स्वेच्छेने करतो, आणि तरीही धनकोचे हात पूर्ण भरून त्याचा कर आपल्या माथी घेतो. हा मनाच्या पारतंत्र्याचा प्रकार आहे.

आपले ऋणशास्त्र

कर्ज घेणे हे आपल्या परंपरेने कधी पाप मानले नाही. मात्र धनकोला मर्यादा घातली. कौटिल्याच्या अर्थशास्त्राने शंभर पणांमागे महिन्याला सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले आणि व्यापार, अरण्यमार्ग, समुद्रमार्ग अशा वाढत्या जोखमीप्रमाणे चढे दर मान्य केले. जोखीम धनकोची म्हणून दर चढा, हा त्यातला न्याय. आजच्या करारात दर जोखमीप्रमाणे चढा असतोच. पण चलनाची, कराची आणि कायदाबदलाची जोखीम मात्र ऋणकोची असते. दामदुपटीचा नियम तर इंग्रजी अमदानीतील मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंसाठी मान्य केला होता: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. धनकोचा हक्क आहे, पण तो अमर्याद नाही, ही ती दृष्टी. तिच्याशी आजच्या कलमांची तुलना वाचकांनीच करावी.

आणि भांडवल? तेही आपल्याकडे उभे करता येते. लोकमान्यांच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. पारतंत्र्यातील दरिद्री समाजाने जे करून दाखवले, ते स्वातंत्र्यातील बचत करणाऱ्या समाजाला अशक्य नाही. त्यासाठी स्वदेशी बचतीला निदान विदेशी बचतीइतका मान हवा.

काय केले पाहिजे

आमचा परदेशी भांडवलाला सरसकट विरोध नाही. जागतिक बँकेचे व्याज करमुक्त आहे, कारण तिच्या घटनेतच तशी तरतूद आहे आणि भारत तिचा संस्थापक सभासद आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला याच बँकेचे ४२ कोटी डॉलरचे कर्ज २०१८ मध्ये मिळाले आणि आपल्या जळगाव जिल्ह्याचाही त्यात समावेश झाला. जपान सरकारने मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी ०.१ टक्का व्याजाने ५० वर्षांच्या मुदतीचे कर्ज देऊ केले. राष्ट्राराष्ट्रांमधील अशा कर्जांत करमाफी मागितली गेली तर ती समजण्यासारखी आहे. नफ्यासाठी कर्ज देणाऱ्या खासगी बँकेने तीच मागावी, हे समजण्यासारखे नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. २०२३ मध्ये संपलेली ५ टक्क्यांची सवलत कोणत्याही नावाने पुन्हा आणू नये. कर-करारातील दर हीच सवलतीची शेवटची पायरी असावी. परदेशी धनकोंना दिलेल्या व्याज-सवलतींमुळे किती महसूल सोडला, ते अर्थसंकल्पासोबत दर वर्षी स्वतंत्रपणे जाहीर व्हावे. सरकारी कंपन्या, महामंडळे आणि महापालिका यांनी केलेल्या परदेशी कर्जकरारांतील करभाराची कलमे विधिमंडळापुढे ठेवावीत, आणि कर ऋणकोने सोसायचा असेल तर वजावटीचा लाभ परत करण्याचे प्रतिकलम सक्तीचे असावे. परदेशी धनकोला जो सर्वांत कमी दर दिला जाईल, त्याहून जास्त दर छोट्या स्वदेशी ठेवीदाराला लावू नये.

कार्यकर्त्यांनी या विषयाला केवळ चार्टर्ड अकाउंटंटांचा विषय समजू नये. आपल्या गावी, आपल्या नगरात परदेशी कर्जातून एखादा प्रकल्प आला की त्याच्या कोनशिलेवरची नावे वाचण्याआधी करार मागावा, माहितीच्या अधिकारात मागावा, आणि त्यात कराचे कलम कोठे आहे ते शोधावे. आपल्या खासदाराला अर्थसंकल्पाच्या अधिवेशनापूर्वी भेटून विचारावे, की असोद्याच्या पेन्शनराच्या व्याजातून कर कापणारे सरकार लंडनच्या बँकेच्या व्याजापाशी येऊन का थबकते? उत्तर मिळेपर्यंत हा प्रश्न विचारत राहिले पाहिजे.